ट्यूबा झोपवायचा नसतो

"आम्हाला स्टेजवरून खाली उतरवेल असा माणूस अख्ख्या लँकेशायरमध्ये जन्माला यायचाय," विल्फ ऑर्मरॉड म्हणाला. हे म्हणाला तेव्हा तो जमिनीपासून चार फुटांवर आडवा होता. एका माणसानं त्याचे खांदे धरले होते, दुसऱ्यानं पाय, आणि दोघं मिळून त्याला स्टेजवरून खाली उतरवत होते.

हा रॉटनफोल्डचा कामगार क्लब. तिथे आम्ही नऊ मिनिटं टिकलो. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका क्लबात सात टिकलो होतो. परत येताना व्हॅनमध्ये विल्फनं कोपराला पट्टी बांधता बांधता हिशेब मांडला, "आठवड्याला दोन मिनिटं. म्हणजे नाताळच्या आत कार्यक्रमाची पूर्ण चाळीस."

"नाताळपर्यंत तुझं कोपर राहील का?" मॉरीननं विचारलं.

आमच्या बँडचं नाव 'टॅटर्सलबाईंचा गुडघा'. टॅटर्सलबाई म्हणजे माझी घरमालकीण. त्यांच्या पुढच्या खोलीत आमच्या तालमी चालायच्या. त्यांचा डावा गुडघा दुखला की दुसऱ्या दिवशी पाऊस पडायचा. आमच्या क्लॅगडेन गावात पाऊस तसाही रोजच पडतो, त्यामुळे गुडघा कधी चुकला नाही. नाव ठेवण्याआधी आम्ही बाईंची रीतसर परवानगी घेतली. बाई म्हणाल्या, "डाव्याचं ठेवा हवं तर. उजव्याला यात ओढू नका, तो चांगला आहे."

आम्ही चौघं. चित्रकलेच्या कॉलेजात एकाच प्लास्टरच्या पायाचं चित्र तीन वर्षं काढून काढून आमची ओळख झाली. विल्फ गायचा आणि ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे ते पोटाशी कवटाळून फुंकायचं मोठं पितळी धूड, ज्याच्या तोंडात लहान मूल बसेल. गाणं आणि फुंकणं एकदम जमत नाही, म्हणून आमची गाणी लांबायची. मॉरीन थ्रेलफॉल सुताराची करवत गुडघ्यांत धरून तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवायची. करवत अशी रडायची, की ऐकणाऱ्याला आपली कुठली तरी मेलेली मावशी आठवावी. मी, बेझिल पिलिंग, बँजो वाजवायचो, आणि काखेत शेकायची रबरी पिशवी हवा भरून धरायचो. ती दाबली की जो आवाज यायचा तो चारचौघांत काढायचा नसतो. आम्ही तो बरोबर तालावर काढायचो.

चौथा गॉडफ्री. गॉडफ्रीला काहीच वाजवता यायचं नाही. तो स्टेजच्या कोपऱ्यात टेबल मांडून कार्यक्रमभर इस्त्री करायचा. का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पण तो इतक्या मन लावून कॉलर फिरवायचा, की अर्धे लोक आमच्याऐवजी त्याच्याकडेच बघत बसायचे.

गाणी आम्ही जुन्या बाजारातून उचलायचो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तडे गेलेल्या तबकड्या, नाकात गाणारे सद्गृहस्थ, केळ्यांबद्दल आणि उंटांबद्दल. त्या ऐकून ऐकून मग आम्ही आमची स्वतःची केली. सगळ्यात गाजलेलं, म्हणजे ज्याला बिअरच्या ग्लासाखालचे सगळ्यात जास्त पुठ्ठे फेकून मारले गेले ते, असं होतं:

"कपाटाशी लग्न केलं, लोक हो, कपाटाशी लग्न,
तिच्या पोटात कोट लटकले, मी दाराशी मग्न.
कुरकुरते ती रात्री थोडी, बोलत नाही फार,
माझ्यापेक्षा बरी निघाली, तिला दोन दार."

विल्फ हे एका गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून गायचा. हसायचा अजिबात नाही. हसायचं नाही हा आमचा एकमेव नियम होता.

आता विल्फच्या बापाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू होतं.

एनॉक ऑर्मरॉड एकतीस वर्षं क्लॅगडेनच्या गिरणीच्या ब्रास बँडमध्ये ट्यूबा वाजवत होता. त्याच्या आधी त्याचा बाप. ट्यूबा घरचाच होता, आजोबांनी घेतलेला. मग एनॉकचे दात गेले, कवळी आली, आणि कवळी लावून ट्यूबा फुंकला की कवळी ट्यूबात जाते. दोनदा गेली. तेव्हा त्यानं ट्यूबा विल्फला दिला, विल्फ मंगळवारच्या तालमीला जाईल या भरवशावर. विल्फ चार मंगळवार गेला. पाचव्या मंगळवारपासून तो टॅटर्सलबाईंच्या खोलीत कपाटाशी लग्न लावायला लागला.

त्या घरात ट्यूबाचे नियम होते. जेवणाआधी पुसायचा. पाहुण्याला हात लावू द्यायचा नाही. आणि तो कधीही आडवा ठेवायचा नाही. "ट्यूबा झोपवायचा नसतो," एनॉक म्हणायचा. "झोपवतात ती माणसं." घरी तो कोपऱ्यात, तोंड खाली करून, उभा असायचा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

आम्ही तो झोपवायचो. इलाज नव्हता. व्हॅनच्या आत इस्त्रीचं टेबल, बँजो, करवत आणि गॉडफ्री, त्यामुळे ट्यूबा टपावर, जुन्या गादीत गुंडाळून, आडवा. आणि उभा ठेवायची सोय असती तरी ठेवला नसता, कारण आमच्या आणि विल्फच्या घराकडे व्हॅननं यायचं तर शंटर्स लेनच्या रेल्वे पुलाखालून यावं लागतं, आणि तो पूल साडेनऊ फूट. पाटीच आहे तिथे. एनॉकला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एकतीस वर्षं ट्यूबा घेऊन बसनं गेला, आणि बस त्या पुलाखालून जात नाही.

रॉटनफोल्डच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाजलेलं मटण, उकडून उकडून पांढरी झालेली कोबी. एनॉकनं सुरी खाली ठेवली.

"सप्टेंबरात स्पर्धा आहे," तो म्हणाला. "गिरणीच्या बँडला ट्यूबा लागतो. वाजवणारा मिळेल, कुणाचा तरी पुतण्या आहे. ट्यूबा नाही."

"मला लागतो," विल्फ म्हणाला.

"कशाला? पादायला?"

"ती पिशवी, बाबा. ती बेझिलकडे असते."

एनॉकनं माझ्याकडे बघितलं. मी कोबीकडे बघितलं.

"त्या कपाटाच्या गाण्याचा अर्थ काय?" एनॉकनं विचारलं.

"अर्थ नाही."

"मग गायचं कशाला?"

"म्हणूनच."

मला विचारलं असतं तर मी जरा जास्त सांगितलं असतं. आमच्या गावात प्रत्येक गोष्टीला अर्थ होता. गिरणीचा भोंगा वाजला की अर्थ. कुणाच्या दाराचा उंबरा घासलेला आहे, कुणाचा नाही, याला अर्थ. रविवारची टोपी, शुक्रवारचा मासा, कुणी कुठल्या फुटपाथवरून चालायचं. आमच्या बापांनी लढाई जिंकली होती आणि त्यानंतर वीस वर्षं ते घरात बसून त्याचा अर्थ आम्हाला समजावून सांगत होते. रेडिओ लावावा तर एकाच न्हाव्याकडे जाणारी पोरं "तुझ्यावाचून मरतो" म्हणत रडायची, आणि त्यालाही भलताच अर्थ होता. अशा गावात एखादा माणूस भर क्लबात उभा राहून, चांगला कोट घालून, कपाटावर प्रेम करतो, आणि त्यातून काहीच निघत नाही, कसलाच धडा नाही, तेव्हा छातीत कुठे तरी एक खिडकी उघडते. मला तरी तसं व्हायचं. पण मला विचारलं नव्हतं. मला कोबी वाढली.

"ठीक आहे," एनॉक म्हणाला. तो आमच्या क्लॅगडेन क्लबचा कार्यक्रम सचिवही होता. म्हणजे शनिवारी स्टेजवर कोण चढणार हे तो ठरवायचा, आणि चढलेला कंटाळवाणा निघाला तर पडद्यावाल्याला बोट दाखवायचा. "येत्या शनिवारी जादूगार येणार होता, त्याच्या बायकोनं त्याला सोडलं. आठ ते आठ चाळीस, जागा मोकळी आहे. क्लबचं घड्याळ आठ चाळीस दाखवेल तेव्हा तुम्ही स्टेजवर वाजवत असाल, तर ट्यूबा तुझा. कायमचा. मी परत नाव काढणार नाही. त्याआधी पडदा पडला, तर ट्यूबा बँडकडे."

"पडद्याला बोट तुम्हीच दाखवणार."

"मी नाही दाखवणार. कमिटी दाखवेल. मी मधे पडणार नाही, इकडून ना तिकडून."

"कबूल," विल्फ म्हणाला. आणि बापाच्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला, ही त्या घरात लढाईची घोषणाच होती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "विल्फ, आपण नऊ मिनिटं टिकतो."

"क्लॅगडेन आपलं गाव आहे."

"म्हणून तर. रॉटनफोल्डला आपल्याला कुणी ओळखत नव्हतं."

"ट्यूबा गेला तर बँड गेला, बेझिल," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो न हसता, म्हणजे खरंच न हसता, बोलत होता. "मूर्खपणाला खालून काहीतरी जड लागतं. नाहीतर तो नुसता चार पोरांचा दंगा. आणि मग मी सोमवारी गिरणीच्या ऑफिसात, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर. खुर्ची पुसून ठेवलीय त्यांनी. मी बघितली."

शनिवारी टॅटर्सलबाई पहिल्या रांगेत, फळांची टोपी घालून. त्यांच्या गुडघ्याचा कार्यक्रम होता, त्या येणारच. मागे तीनशे माणसं, बायकांचे ताजे सेट केलेले केस, पुरुषांच्या डॉमिनोच्या सोंगट्या. बारमागे डोरीन, गेली तीस वर्षं. मधल्या टेबलाशी कमिटी, आणि कमिटीच्या मधोमध अध्यक्ष हर्बर्ट बिकरस्टाफ, त्याच्या त्या क्रीम रंगाच्या जॅकेटात. ते जॅकेट त्यानं ब्लॅकपूलला शिवून घेतलं होतं आणि त्याबद्दल तो बोलायचा. स्टेजच्या बाजूला पडद्याचं हँडल धरून हेडली. समोरच्या भिंतीवर घड्याळ.

एनॉक माइकपाशी गेला. "आठ चाळीसला मटणाच्या पाई येतील. त्यानंतर बिंगो," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. "त्याआधी हे आहेत."

आम्ही हे होतो.

पहिल्या गाण्याला शांतता. क्लॅगडेनची शांतता वेगळी असते. तिच्यात डॉमिनो ठेवल्याचा आवाज येतो. दुसऱ्या गाण्यात मॉरीननं करवतीचा जो सूर लांबवला त्यावर मागून कुणी तरी म्हणालं, "मांजर बाहेर काढा रे त्या बाईच्या मांडीवरून."

"मांजर नाही, करवत आहे, काका," मॉरीन शांतपणे म्हणाली. "इकडे या, दाखवते कशी चालते."

लोक हसले. आठ वाजून बारा मिनिटं. रॉटनफोल्डचा विक्रम मोडला होता. विल्फनं माझ्याकडे बघून एक भुवई वर केली, आणि कपाट सुरू केलं.

"माझ्यापेक्षा बरी निघाली, तिला दोन दार" इथे टॅटर्सलबाई फुटल्या. बाईंचं हसू म्हणजे कोळशाची गाडी रिकामी करावी तसं. "माझा हॅरॉल्ड," त्या शेजारणीला सांगत होत्या, "अगदी असाच होता. माझ्याशी नाही बोलायचा, कपाटाशी बोलायचा." शेजारीण हसली. तिची शेजारीण हसली. एक मिनिटभर मला वाटलं, जमतंय.

मग मी पिशवी दाबली.

पिशवीचा सूर मी कपाटाच्या शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवलेला असायचा. तो उत्तम निघाला, गोल, भरदार, आणि नेमका त्या क्षणी निघाला जेव्हा बिकरस्टाफची बायको आपल्या जागेवर वाकून पडलेली पर्स उचलत होती. तीनशे माथी तिच्याकडे वळली.

"मी नाही," ती म्हणाली.

बिकरस्टाफ उभा राहिला. "हे कौटुंबिक ठिकाण आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच आवाज ओळखीचा वाटला," टॅटर्सलबाई म्हणाल्या.

त्यानंतर फार झपाट्यानं बिघडलं. मागून "उतरा खाली" सुरू झालं. एक पुठ्ठा आला, दुसरा आला, मग कुणी तरी अख्खा डॉमिनोचा डबा. विल्फ गातच राहिला. पुठ्ठा कानाला लागला तर तो तिकडे वळून वाकून नमस्कार करायचा आणि पुढची ओळ म्हणायचा. "आठ बावीस," मॉरीन ओठ न हलवता म्हणाली.

आणि याच वेळी गॉडफ्री, ज्याला कधी काही कळायचं नाही, किंवा सगळंच कळायचं, आपला कोपरा सोडून खाली उतरला, कमिटीच्या टेबलापाशी गेला आणि हात पुढे करून अदबीनं उभा राहिला. बिकरस्टाफच्या जॅकेटला पाठीवर, उठबस करून, चुण्या पडल्या होत्या. गॉडफ्री त्या चुण्यांकडे इतक्या दुःखानं बघत होता, की बिकरस्टाफनं, रागातल्या रागात, सवयीनं, जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं. मला वाटतं त्याला वाटलं क्लबनंच ही सोय केलीय. गॉडफ्री जॅकेट घेऊन वर आला, पाणी शिंपडलं, आणि कामाला लागला.

जॅकेटशिवाय बिकरस्टाफला आपण अध्यक्ष आहोत हे जरा जास्तच दाखवावं लागत होतं. त्यानं एनॉककडे बघितलं. एनॉक छताकडे बघत होता, मधे न पडता. तेव्हा बिकरस्टाफनं स्वतःच बोट वर केलं. "हेडली," तो ओरडला, "पडदा."

आठ एकतीस.

हेडलीनं हँडल फिरवायला घेतलं. हिरवा मखमली पडदा दोन्ही बाजूंनी, कुरकुरत, आमच्याकडे यायला लागला. मी विल्फकडे बघितलं. विल्फ पडद्याकडे बघत होता. इतका एकटा माणूस मी ट्यूबासकट कधी बघितला नव्हता.

आणि मग मॉरीननं गज उचलला आणि करवतीवर राष्ट्रगीत सुरू केलं.

पहिल्या दोन सुरांतच सगळा क्लब उभा राहिला. तीनशे खुर्च्या एकदम सरकल्या. ज्याच्या हातात पुठ्ठा होता त्यानं पुठ्ठा मांडीला चिकटवला. डोरीन बारमागे ताठ. बिकरस्टाफ, एक बोट अजून वर, तसाच ताठ. आणि हेडलीनं हँडल सोडलं, टाचा जुळवल्या, आणि समोर बघायला लागला. पडदा अर्ध्यात थांबला.

आमच्याकडे राणीचं गीत चालू असताना कुणी हलत नाही. सिनेमा संपला की, नाच संपला की, क्लब मिटला की, ते वाजतं आणि माणूस जिथे असेल तिथे खांब होतो. माझ्या काकांनी एकदा भिजलेल्या मोज्यात ते पूर्ण ऐकलंय.

विल्फला कळायला एक ओळ लागली. मग त्याचा चेहरा असा उजळला, की मला तो आजही दिसतो. त्यानं ट्यूबा उचलला, कवटाळला, आणि खालून पाया घातला. हळू. इतकं हळू राष्ट्रगीत कुणी वाजवलं नसेल. एका सुरानंतर दुसरा येईल की नाही याची शंका यावी, आणि मग तो यावा, जहाज धक्क्याला लागावं तसा.

नऊ मिनिटं काढायची होती. पहिलं कडवं दीड मिनिटात संपलं. आता गंमत अशी, की दुसरं कडवं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याचे शब्द कुणालाच ठाऊक नसतात. कडवी एकूण किती, याबद्दल तर कमिटीतही एकमत नव्हतं. त्यामुळे आम्ही दुसरं सुरू केलं तेव्हा कुणाला "झालं" म्हणायची हिंमत झाली नाही. न जाणो, असेल. मधे थांबायचं मात्र नव्हतं. थांबलो की बसले. विल्फचा श्वास संपला की मॉरीन करवत ओढायची, करवत वाकली की मी बँजो, आणि तिसऱ्या कडव्यात, देवाशपथ सांगतो, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, मी पिशवी दाबली. अत्यंत हळुवारपणे. अत्यंत राजनिष्ठेनं.

कुणीही हसू शकत नव्हतं. तेच तर. हसायचं म्हणजे हलायचं. तीनशे माणसं, गाल फुगवून, डोळे बाहेर काढून, लालबुंद, समोर बघत उभी. टॅटर्सलबाईंच्या टोपीवरची चेरी थरथरत होती. आणि खोलीच्या कडेला एनॉक ऑर्मरॉड, छाती पुढे, हात पॅन्टच्या शिवणीवर, आणि त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. खांदे हलत होते. कवळी दोनदा पुढे आली आणि त्यानं ओठांनी मागे ढकलली.

चौथ्या कडव्यात मला जळका वास आला.

गॉडफ्रीही उभा राहिला होता. गॉडफ्री राणीचा फार भक्त. पहिल्या सुराला त्यानं इस्त्री होती तिथेच ठेवली आणि सावधान झाला. इस्त्री होती ती क्रीम रंगाच्या जॅकेटवर, पाठीच्या मधोमध. धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती. बिकरस्टाफला ती दिसत होती. त्याच्या चेहऱ्यावर मी एका माणसाला राणी आणि ब्लॅकपूलचा शिंपी यांच्यामध्ये उभं राहिलेलं बघितलं. तो राणीच्या बाजूनं उभा राहिला, हे कबूल करायला हवं. त्याचा फक्त एक गाल उडत होता.

सहा कडवी झाली. अधिकृत किती आहेत हे मी अजून शोधलेलं नाही. काटा आठ चाळीसवर गेला, घड्याळानं टक केलं, आणि विल्फनं शेवटचा सूर धरला, खाली, आणखी खाली, जिथे ट्यूबाचा सूर कानाला नाही तर बुटांना ऐकू येतो. मग थांबला. इस्त्री जॅकेटमधून टेबलाला लागली आणि चर्र झालं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी पुठ्ठाही मारला नाही. राणीचं गीत झालं म्हणजे दिवस संपला. डोरीननं, तीस वर्षांच्या हातानं, बिअरच्या नळांवर टॉवेल टाकले आणि दिवे मालवले. बायकांनी कोट घेतले. माणसं रांगेनं दाराकडे निघाली, "बरं मग, भेटू" म्हणत, आणि चाळीसेक जण बसस्टॉपपर्यंत पोचल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाहेर अजून उन्हाळ्यातलं, साडेनऊपर्यंत रेंगाळणारं ऊन आहे, बिंगो झालेला नाही, आणि पाई आतच राहिल्या.

ते परत आले. दार वाजवलं.

"बार बंद आहे," डोरीन आतून म्हणाली.

"डोरीन, पावणेनऊ वाजलेत."

"राणीचं गीत झालं की बंद. नियम मी केला नाही."

"अगं, निदान पाई तरी दे."

"राणीनंतर पाई?" डोरीन म्हणाली, आणि तिचा आवाज इतका दुखावलेला होता, की माणसं टोप्या काढून मागे सरकली.

कमिटीनं तिथल्या तिथे, जिन्यात, बैठक घेतली आणि 'टॅटर्सलबाईंचा गुडघा' याला क्लॅगडेनमध्ये आजन्म बंदी घातली. ठराव बिकरस्टाफनं मांडला, पाठीला भोक पडलेलं जॅकेट घालून. भोकाचा आकार बरोबर इस्त्रीचा होता. टॅटर्सलबाईंनी विचारलं, की बंदी नुसत्या गुडघ्याला आहे की त्यांनाही. कमिटीनं त्यावर विचार करायला वेळ मागितला. ठरावाचा कागद फळ्यावर लागला तसा विल्फनं तो काढला, घडी केली आणि खिशात घातला.

"तो क्लबचा कागद आहे," हेडली म्हणाला.

"आमचं नाव आहे त्याच्यावर," विल्फ म्हणाला. "इथून पुढे आम्ही असंच लिहिणार. क्लॅगडेननं आजन्म बंदी घातलेला बँड. रॉटनफोल्डवाले फक्त उचलून बाहेर टाकतात, बिचारे."

बाहेर व्हॅनपाशी एनॉक आला. रुमालानं कवळी पुसली, बसवली.

"आठ चाळीस," विल्फ म्हणाला.

"बघितलं मी घड्याळ."

"हसत होतात तुम्ही, बाबा."

"राष्ट्रगीताला माझ्या डोळ्यांत पाणी येतं. चव्वेचाळीस सालापासून येतं."

"खांदे हलत होते."

"वारं होतं."

"आत?"

"तिसऱ्या कडव्याला," एनॉक म्हणाला आणि माझ्याकडे वळला, "ते काय वाजवलंस तू, पिलिंग?"

"पिशवी, काका."

"सूर बरोबर होता," तो म्हणाला, जणू कोर्टात साक्ष देतोय. मग विल्फला म्हणाला, "मूर्खपणा आहे सगळा. एक अक्षर कळलं नाही मला. पण खालचा सूर आजोबांसारखा लावलास. शेवटचा. मला नाही जमला तो कधी." आणि लगेच, आवाज चढवून, "ऑफिसातली खुर्ची मी त्या कुणाच्या तरी पुतण्याला देतो. बसू दे कुणाला तरी."

विल्फनं मान हलवली. ट्यूबा हातात असल्यामुळे त्याला नाक पुसता येत नव्हतं. मी म्हटलं आपण निघावं. मॉरीननं टपावरची गादी उलगडली, मी आणि गॉडफ्रीनं ट्यूबा उचलला आणि सवयीप्रमाणे आडवा केला.

"हे काय चाललंय?" एनॉक म्हणाला.

आम्ही थांबलो.

"झोपवताय त्याला? आजच्या दिवशी?" त्यानं कोट काढून मॉरीनच्या हातात दिला, बाह्या सारल्या, आणि साठाव्या वर्षी व्हॅनच्या बॉनेटवरून टपावर चढला. "आणा इकडे. दोरी द्या. ही गादी फेका."

"काका," मी म्हणालो, "शंटर्स लेनला—"

"बोलू नकोस, दोरी धर. एकतीस वर्षं मी याला उभा नेलाय. जिंकून आलेला ट्यूबा उभा घरी जातो."

विल्फ खालून बापाकडे बघत होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं मला उलट ढोसलं. बापानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी गाठ बांधली होती, ती सोडायला कोण सांगणार. एनॉकनं आठ गाठी मारल्या, ट्यूबा हलवून बघितला, तो तसूभर हलला नाही. मग खाली उतरून, आम्हा कुणाला न विचारता, पुढच्या सीटवर बसला आणि खिडकी खाली केली. "चल," तो म्हणाला. "गावातून चल. बघू दे लोकांना."

आम्ही गावातून गेलो. ऊन पितळेवर पडलं होतं. बसस्टॉपवर बिंगो आणि पाई गमावलेली चाळीस माणसं उभी होती; त्यांनी शिव्या दिल्या, एनॉकनं खिडकीतून हात केला. विल्फनं गाणं सुरू केलं, कपाटाचं, आणि दुसऱ्या कडव्याला एनॉक, शब्द येत नसताना, खालचा सूर गुणगुणायला लागला.

शंटर्स लेनचा पूल साडेनऊ फूट आहे. ट्यूबासकट आम्ही नऊ फूट आठ इंच होतो. एकही गाठ सुटली नाही.